नांदायला फिट, वाकायला अनफिट

प्लास्टरच्या खोलीत काम करणाऱ्याची चप्पल कधी स्वच्छ नसते. रोज थोडं सांडतं, रोज थोडं वाळतं, आणि वर्षाअखेरीला तळ बघावा तर बोटभर जाड थर. किस्स्यांचंही तसंच. मी काही गोळा करायला गेलो नव्हतो. चिकटले. आता म्हातारपणी खरवडत बसलोय.

मी चौथीपर्यंत शिकलो, ते पण अर्धंच. पुढं नगरात एका मिशनच्या दवाखान्यात बत्तीस वर्षं लोकांच्या हातापायाला प्लास्टर लावलं. आज सांगतोय ते बायकांच्या पाठीचं आणि पाठीमागच्या गोष्टींचं आहे. ज्यांना असलं ऐकून कान झाकायचेत त्यांनी खुशाल झाकावेत. लिहिलेलं आहे, कान झाकून पण वाचता येतं.

आमच्या खोलीत आम्ही तिघं. डॉक्टर हाडांचे, मद्रासकडचे. मराठी त्यांनी वॉर्डातच उचललेलं. ‘कुठं दुखतं’, ‘ताठ बसा’, ‘वाकू नका’ एवढं फर्डं यायचं, त्यापलीकडं सगळं चाचपडत. दुसऱ्या रूथ सिस्टर. आमच्याच चर्चच्या, पन्नाशीच्या, लग्न न केलेल्या. त्यांच्या तोंडाला दवाखान्यातले सगळे डॉक्टर घाबरायचे, देवबाप्पाचं मला माहीत नाही. तिसरा मी, केडगावहून सायकलवर येणारा. सगळे मला मामा म्हणायचे, वयानं मोठे असलेले सुद्धा.

आणि पेशंट कुसुम. तिच्याशिवाय यातला एकही किस्सा होत नाही.

*

कुसुम सोनईच्या एका गुरुजींची पोरगी. दुष्काळ पडायच्या आदल्या वर्षी तिचं लग्न शिंगणापूरच्या भानुदासशी लागलं. पोरीची पाठ लहानपणापासून वाकडी. गुरुजी म्हणायचे, इंग्रजी एस अक्षरासारखी. मला इंग्रजी येत नाही, मला ती ओढ्यासारखी दिसली. लग्नात पदर पाठीवरून घट्ट घेतला आणि अक्षता पडल्या.

महिनाभरानं सासूच्या लक्षात आलं. सासूबाई म्हणजे मथुराबाई. त्यांनी सुनेला गुरुजींच्या ओट्यावर आणून सोडलं आणि म्हणाल्या, पाठ सरळ करून आणा, मग नांदायला पाठवा. जशी काय पोळपाटाची तबकडी सुताराकडं टाकली.

गुरुजी भिडस्त माणूस, पण पोरीला घेऊन मुंबई गाठली. तिथल्या मोठ्या दवाखान्यात पाठ उघडून लोखंडी सळई बसवली आणि मणके एकाला एक जोडून टाकले. पुढचं सगळं आमच्याकडं. गळ्यापासून कमरेखालपर्यंत प्लास्टरचा अंगरखा, तो बदलायचा, तपासायचा, आठ-नऊ महिन्यांनी काढायचा.

सासरचा निरोप ठरलेला होता. पोरगी नांदायला योग्य आहे असं दवाखान्यानं लिहून द्यावं. नाहीतर सोडचिठ्ठी.

*

पहिल्यांदा प्लास्टर बदलायचं होतं तेव्हाची गंमत. पोरीला चौकटीत उभं करायचं, हनुवटीखाली पट्टा देऊन वरून ताणायचं, अंगात जाळीचा बनियन, आणि त्यावर ओल्या पट्ट्या गुंडाळायच्या. गुंडाळणारा मी, म्हणजे बाप्या. रूथ सिस्टर मध्ये चादर धरून उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, मामा, तुम्ही पलीकडून नुसते हात घाला.

म्हटलं, “सिस्टर, मी प्लास्टर लावतोय, चोरी न्हाई करत.”

“तरी पण चादर राहील.”

राहू दे म्हटलं. आंधळ्यानं पोतं शिवावं तसं गुंडाळत गेलो. ओल्या प्लास्टरला थांबून चालत नाही, भराभर सोळा पट्ट्या संपवल्या. थापून, चोळून, गुळगुळीत करून म्हटलं, सोडा चादर.

चादर सुटेना. तिचं टोक चौथ्या पट्टीखाली गेलेलं. त्याच्याबरोबर सिस्टरांच्या पांढऱ्या बाहीचं टोक पण. आणि प्लास्टर तर धरलं होतं.

कुसुम तोपर्यंत आमच्याशी एक शब्द बोलली नव्हती. तिला मान हलवता येत नव्हती, म्हणून समोरच्या भिंतीकडं बघत म्हणाली, “मामा, सिस्टरास्नी पन आता नऊ म्हैनं माज्यासंगट ऱ्हावं लागंल का?”

बाही कापली. त्या दिवसापासून चादर गेली.

*

मधल्या तपासणीला मथुराबाई आल्या. सोबत सासरे, अण्णा. हा माणूस कधीच आत यायचा नाही, व्हरांड्यात बिडी ओढत बसायचा. अख्ख्या वर्षात मी त्याचा आवाज ऐकला नाही.

मथुराबाई खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या. मला आधी कळेना कशाची वाट बघतायत. मग कळलं. सुनेनं पाया पडायची.

आता कुसुमला प्लास्टर कमरेखालपर्यंत. ती खांबासारखी उभी. डॉक्टर मायेनं समजावायला गेले, “ही वाकणार नाही. एक वर्ष वाकणार नाही. नंतर पण पाठीतून कधी वाकणार नाही.”

त्यांना वाटलं त्यांनी औषधाची गोष्ट सांगितली. मथुराबाईंनी घराण्याची ऐकली. “म्हंजी सळई घातली ती ह्याच्यासाठी? अवो, सून वाकत न्हाई आसं तुमीच शिकवाय लागले, तर मंग आमी काय करायचं?”

डॉक्टर घामाघूम. ‘वाकू नका’ हे वाक्य त्यांना शंभर टक्के यायचं आणि त्याच वाक्यानं मार खाल्ला.

कुसुमच्या डोळ्यात पाणी आलं. प्लास्टरमध्ये रडता पण येत नाही नीट, छाती फुगत नाही. मला काय सुचलं कोण जाणे. मी स्टूल सरकवलं आणि म्हटलं, बाई, तुम्ही वर या. प्लास्टरच्या टेबलावर उभं रहा. सुनेचा हात तिथं पोचतोय.

मथुराबाईंनी विचार केला. मान मिळतोय तर सोडायचा कशाला. लुगडं सावरून टेबलावर चढल्या. कुसुमनं ताठ उभ्या उभ्या सासूच्या पायाला हात लावला, कपाळाला नेला. सगळं रीतीत झालं.

तेवढ्यात रूथ सिस्टर आत आल्या. टेबलावर उभी बाई बघून त्यांनी केसपेपर उचलला आणि विचारलं, “तुमचं कुठं मोडलंय?”

*

डॉक्टरांना एक खोड होती. बोलणं झालं की घरच्यांना म्हणायचे, शंका विचारा. शिकलेल्या माणसाला वाटतं आपण विचारा म्हटलं की लोक मनातलं विचारतात.

त्या दिवशी गुरुजी आणि भानुदास पण आले होते. मथुराबाईंनी विचारलं, हंडा उचलंल का. डॉक्टर म्हणाले, जड नको. दळण? थोडं. दुष्काळी कामावर खडी फोडायला बसंल का? अजिबात नको. भाकरी? उभ्यानं चूल केली तर. असं सगळं घर विचारून झालं. गुरुजींनी खाली बघून विचारलं, मूलबाळ? होईल, डॉक्टर म्हणाले, पण घाई नको.

पाठ दुखते का, रात्री झोप लागते का, हे कुणी विचारलं नाही. ते विचारायची रीत नसते.

भानुदास कोपऱ्यात टोपी हातात घेऊन उभा. सडपातळ, बावीस-तेवीसचा, बायकोकडं बघायचं धाडस नसलेला. डॉक्टर म्हणाले, तुम्ही पण विचारा.

तो लई वेळ टोपी फिरवत राहिला. मग म्हणाला, “सायेब, लोखंड हाय म्हंता. त्येला गंज चढंल का?”

डॉक्टर हसले. नाही चढत, वेगळं लोखंड असतं.

“तरी पन,” भानुदास म्हणाला, “आमच्याकडं लोखंडाला त्याल देत्यात. मी देऊ का?”

शनीच्या गावचा माणूस, त्याला लोखंड आणि तेल वेगळं दिसतच नाही. डॉक्टर म्हणाले, द्या. प्लास्टर निघाल्यावर पाठीला रोज तेल लावा, हळू हातानं. चांगलं आहे.

त्यावर मथुराबाई कडाडल्या, “बायकूच्या पाठीला त्याल? दिसा का राती?”

डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, “दोन वेळा.”

*

प्लास्टर काढायचा दिवस. मोठ्या कात्रीनं दोन्ही बगलेतून कापत यायचं आणि शिंपला उघडावा तसे दोन भाग वेगळे करायचे. आतून पोरगी निघाली ती कोवळ्या भुईमुगासारखी पांढरी. बायका या वेळी हसतात, खाजवतात, आधी आंघोळीचं विचारतात. कुसुम पलंगाच्या काठावर हाताची घडी करून बसली आणि खोलीत कुणी नाही बघून मला म्हणाली, “मामा, सळई मोडली तर आवाज येतो का?”

मी म्हटलं, प्लास्टर मोडलं की येतो, सळईचं मुंबईवाल्यांना ठाऊक. जड उचलू नको, मोडत नाही.

“उचलल्यानं न्हाई म्हनत मी.”

मी मूर्ख. कात्री पुसत बसलो. ती पुढं म्हणाली, “आमच्या घरात एकच खोली हाय, सगळी तिथंच. मोडलं, आन् आवाज झाला, तर सगळ्यास्नी कळंल. पयल्या म्हैन्यात मी भितीकडं पाठ करून निजायची, कूबड हाताला लागू न्हाई म्हून. आता कूबड न्हाई. पन वण हाय तिथं हात लावला तर मला कळतच न्हाई. बधिर झालंय. नवऱ्यानं हात ठिवला आन् मला कळलंच न्हाई, तर त्यो काय म्हनंल?”

बत्तीस वर्षांत मला कुणी असलं विचारलं नव्हतं. डॉक्टरला नाही, बापाला नाही, आणि मला का, तर मी प्लास्टरवाला. भिंतीशी बोलतात तसं. मी म्हटलं, पोरी, हे माझ्या कात्रीच्या बाहेरचं आहे, आणि जाऊन सिस्टरांना जसंच्या तसं सांगितलं.

रूथ सिस्टर तिला घेऊन हिरव्या पडद्यामागं बसल्या. तासभर. आधी काहीच ऐकू आलं नाही. मग सिस्टरांचा आवाज आला, “मोडत नाही गं. मी लग्न केलं नाही म्हणून मला काही कळत नाही असं समजू नको. शंभर बाळंतपणं केलीत, ती काय टपालानं आली होती?”

आणि मग कुसुमच्या हसण्याचा. नऊ महिन्यांत पहिल्यांदा पोटातून.

*

सर्टिफिकेटाच्या दिवशी सगळे हजर. मथुराबाई, भानुदास, गुरुजी. अण्णा व्हरांड्यात.

गुरुजी म्हणाले, साहेब, नांदण्यास योग्य असं लिहून द्या.

डॉक्टर माझ्याकडं वळले. “मामा, नांदणे म्हणजे?”

आता बायामाणसांत काय सांगणार. म्हटलं, सासरी राहणे.

डॉक्टरांनी खसाखसा इंग्रजीत लिहून दिलं. गुरुजींनी वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं. म्हणाले, यात ‘राहण्यास योग्य’ लिहिलंय. राहतात तर धर्मशाळेत पण.

“मग नांदणे म्हणजे काय?”

गुरुजी छताकडं बघायला लागले. भानुदास टोपीत बघायला लागला. मी कात्री शोधायला लागलो, ती माझ्या हातातच होती. शेवटी रूथ सिस्टरांनी डॉक्टरांना इंग्रजीत दोन वाक्यं सांगितली. मला शब्द कळले नाहीत, पण डॉक्टरांचे कान लाल झाले ते मला कळलं.

“एवढंच?” डॉक्टर म्हणाले. “पण हे मी कसं लिहू? हिला विचारलं?”

सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं. विचारलं नव्हतं. मुंबईच्या डॉक्टरला विचारलं, मद्रासच्याला विचारलं, ज्योतिष्याला सुद्धा विचारलं होतं. हिला नाही.

डॉक्टरांनी विचारलं. कुसुम उभी राहिली, ताठ, तिला दुसरं येतच नव्हतं. म्हणाली, “जाईन नांदायला. पन मला कागद लागतोय तर ह्यास्नी पन लागंल. नांदवायला फिट हायेत का, ते बघा.”

मथुराबाईंच्या तोंडाचा आ झाला तो मिटेना. गुरुजींनी डोळे गच्च मिटून घेतले. पण डॉक्टर सरळ माणूस. त्यांना वाटलं रास्त मागणी आहे. भानुदासला टेबलापाशी घेतलं, पाठ ठोकून बघितली, पायाचे अंगठे धरायला लावले. त्यानं झटक्यात धरले.

मग कागद नवा झाला. मराठीत रूथ सिस्टरांनी लिहिला, सही डॉक्टरांची, शिक्का दवाखान्याचा. मी समोर होतो म्हणून अक्षर अन् अक्षर सांगतो. ‘कुसुम. नांदायला फिट, वाकायला अनफिट. भानुदास. वाकायला फिट. सवय करावी.’

*

त्यानंतर जोडप्याला वेगळं बसवून समजावणं झालं. मथुराबाईंना मी बाहेर काढलं, चहाच्या नावाखाली. पण दाराला फट होती आणि डोळे-कान माझेच आहेत.

रूथ सिस्टरांनी काय करावं? कुसुमच्या प्लास्टरचा कापलेला पाठीकडचा अर्धा भाग मी कोपऱ्यात ठेवला होता. तो पलंगावर मांडला, शेजारी एक उशी ठेवली. “ही कुसुम. हे तुम्ही. वजन टाकायचं नाही. असं, कुशीवर. दुखलं की थांबायचं, आणि थांब म्हणायचा हक्क हिचा. नको म्हणाली तर नको. हवं म्हणाली तर लाजायचं नाही.”

भानुदास उशीकडं असा बघत होता जसा तो तिला जन्मात पहिल्यांदा भेटतोय.

शेवटी डॉक्टरांना वाटलं आपण पण काहीतरी सांगावं. म्हणाले, घाई नको. भीती नको. रात्री दार लावून घ्या, आणि दोघं आधी नुसतं बोला.

भानुदास अडखळला. “सायेब…”

“काय?”

“आमच्या गावाला दारं न्हाईत.”

डॉक्टरांना वाटलं आपलं मराठी कमी पडलं. त्यांनी हातानं दार लोटून दाखवलं. दार, दार. भानुदास म्हणाला, तेच. चौकट हाय, दार न्हाई. देवाचा रिवाज हाय, कुनाच्याच घराला न्हाई. चोरी व्हत न्हाई आमच्यात.

रूथ सिस्टर म्हणाल्या, “चोरीचं कोण विचारतंय इथं?”

कुसुम मात्र खोलीतल्या हिरव्या पडद्याकडं बोट करून म्हणाली, “असला एक मिळाला तर मी जाते. न्हाईतर न्हाई.” त्या पडद्यामागंच ती हसली होती, तिला त्याची किंमत कळली होती.

दवाखान्याच्या स्टोअरात भंगारात काढलेला एक पडदा होता. लोखंडी चौकट, कापड विटलेलं, खाली चार चाकं. मी चाकांना तेल घातलं, सिस्टरांनी ठिगळ लावलं. बाहेर आणला तर मथुराबाई आडव्या. दाराला दार लावलेलं आमच्यात चालत नाही, गाव काय म्हणेल, देव काय म्हणेल.

तेव्हा भानुदासनं पहिल्यांदा आईच्या डोळ्यात बघितलं. “आये, ह्याला चाकं हायेत. चाकं असल्यालं दार कुटं बघितलंस? ही गाडी झाली. गाडी घरात ठिवाय देवाची ना न्हाई.”

मथुराबाईंनी चारही चाकं मोजली. मग बाजूला झाल्या.

*

पुढच्या वर्षी पाऊस झाला. दिवाळीनंतर कुसुम तपासणीला आली. नेसूचं नवं लुगडं, पाठीवरून पदर सैल सोडलेला, ओढून झाकलेला नाही. डॉक्टरांनी फोटो काढला, सळई जागच्या जागी. म्हणाले, दोन वर्षांनी या.

रूथ सिस्टरांनी हळूच विचारलं, वणावर कळतं का आता. कुसुम म्हणाली, वर न्हाई कळत, खाली दोन बोटं कळाया लागलंय. “त्ये रोज इचारत्यात, हितं कळतंय का, हितं कळतंय का. तेलाची बुधली संपती, त्येंचं इचारनं संपत न्हाई.”

“आणि नांदतेस कशी?”

“ताठ,” कुसुम म्हणाली आणि पदरात तोंड घालून हसली.

मथुराबाई सोबत होत्या. या खेपेला पाया पडायची वाट बघत उभ्या राहिल्या नाहीत, आपसूक टेबलाजवळचं स्टूल ओढून बसल्या. सुनेबद्दल एक वाकडा शब्द नाही. पडद्याचं विचारलं तर म्हणाल्या, हाय की, चांगला हाय, चाकं वाजत न्हाईत.

कुसुम आणि भानुदास औषधाच्या खिडकीकडं गेले. मथुराबाई उठेनात. मी बादली धुतली, पट्ट्या आवरल्या, तरी बसलेल्या. मग रूथ सिस्टरांच्या बाहीला धरून त्यांना खाली वाकवलं आणि कानाशी म्हणाल्या, “बाई, असला अजून एक हाय का?”

“पडदा? कशाला?” सिस्टर म्हणाल्या. “आहे ना घरात एक.”

“त्यो त्येंच्याकडं असतोय.”

सिस्टरांनी माझ्याकडं बघितलं, मी सिस्टरांकडं. स्टोअरात एक शिल्लक होता, तीन चाकांचा. मी तो ढकलत व्हरांड्यात आणला.

अण्णांनी बैलगाडी पायरीला आणून लावलेली होती. बाजारात माल घालून रिकामी झालेली. मागचं फळकूट आधीच खाली घेतलेलं, आणि आत, पडद्याला धक्का लागू नये म्हणून, कडबा अंथरलेला.